बंद पडू दे की!

चालू मशीनवर आमच्या अण्णांचा विश्वास नाही. चालू मशीन खोटं बोलतं, असं त्यांचं ठाम मत. खरं काय ते मशीन बंद पडताना सांगतं, आणि तेसुद्धा एकदा पडून नव्हे, पुन्हा पुन्हा पडून. म्हणून बारामती-इंदापूर रस्त्यावर, पिंपळीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडपुढं कुणी जनरेटर उतरवला आणि तो पहिल्याच दोरीला भरभर चालू झाला, की मालकाचा चेहरा उजळतो आणि अण्णांचा पडतो.

"चालतोय की हो!" मालक म्हणतो. "रस्त्यानं हादरे बसले, त्यात सुटला वाटतं बिघाड."

"बसा," अण्णा म्हणतात.

"नाही, चालतोय तर मग निघतो..."

"बसा म्हन्तो न्हवं. बंद पडू दे की!"

मग बसायचं. अण्णांच्या शेडमध्ये त्यासाठी एका बंद पडलेल्या जीपचं मागचं बाकडं काढून ठेवलंय. मालक बाकड्यावर, अण्णा उलट्या घातलेल्या क्रेटवर, आणि मध्ये तो जनरेटर, ज्यानं आता काही झालं तरी बंद पडायचं नाही असं ठरवलेलं असतं. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की दाढदुखी थांबते, हा अनुभव माणसांचाच असतो असं नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांत दोन जाती असतात. पहिली पानाबहाद्दरांची. आमच्या भागात ही जात फार. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजोच्या तीनचाकी तयार होतात, आणखी कारखाने आहेत, आयटीआय आहे, साखर कारखान्यांची वर्कशॉपं आहेत. त्यामुळं पंचक्रोशीत पाना धरता न येणारा पोरगा विरळा. आणि हातात पाना आला की दिसेल तो नट फिरवून बघावासा वाटतोच. पानाबहाद्दर तासाभरात मशीन पोत्यावर मांडतो, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवतो, प्लग पॉलिश पेपरनं घासतो, सगळं परत बसवतो, चार वॉशर उरतात ते खिशात घालतो आणि म्हणतो, "आता बघा." मशीन घरी जाईपर्यंत चालतं.

दुसऱ्या जातीचे लोक मशीनला हात लावत नाहीत. ते मालकाला हात घालतात. अण्णा या जातीचे.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तेल किती हाय?" तेल म्हणजे पेट्रोल, डिझेल, रॉकेल, जे असेल ते. हा प्रश्न प्रत्येकाला लागतो. शिकलेल्या माणसाला जास्त लागतो. "अहो, एवढं कळतं आम्हाला!" असं तो म्हणतो. अण्णा काही बोलत नाहीत, झाकण उघडून आत काडी घालतात. दहांतल्या दोघातिघांचं दुखणं तिथंच बरं होतं, आणि ते लोक पुन्हा त्या रस्त्यानं जाताना अण्णांच्या शेडकडं बघत नाहीत.

दुसरा प्रश्न, "बंद पडायच्या आधी काय केलं हुतं?"

"काहीच नाही."

अण्णांच्या मते या जगात 'काहीच नाही' इतकं मोठं कारण दुसरं नाही. ते म्हणतात, मशीन बंद पडायची कारणं चारच: तेल, हवा, ऊन आणि मालक. पहिली तीन शोधायला पाच मिनिटं लागतात. चौथं कबूल व्हायला दिवस जातो.

ही विद्या त्यांना विहिरींवर मिळाली. वीज शिवारात पोचायच्या आधी इथं पाणी उपसायला ऑइल इंजिनं होती, सातारा रोडची कूपर आणि किर्लोस्करांची. कोपऱ्यात हँडल असायचं. वरचा खटका उचलून कॉम्प्रेशन सोडायचं, हँडल गरगर फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि खटका पाडायचा. इंजिन फुकफुक करून उभं राहिलं तर ठीक, नाहीतर हँडल उलटं येऊन मनगट धरून बसायची पाळी. पोरवयात अण्णा बारामतीच्या एका गॅरेजात उमेदवारी करत होते. मिस्त्री त्यांना सायकलवर मागं बसवून विहिरीविहिरीवर न्यायचे. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन मध्येच दम टाकतं. तेव्हा पंपाचा स्क्रू सैल करून, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत हँड पंप मारायचा, याला एअर काढणं म्हणतात. मिस्त्री एअर काढायचे आणि अण्णांनी बांधावर बसून इंजिनाचा आवाज ऐकायचा. मळ्याच्या पार टोकावरून, इंजिन न बघता, ते कशानं बंद पडलं ते सांगायचं. चुकलं तर त्या दिवशी चहा नाही. त्या वयात चहा चुकणं फार असतं. अण्णांचे कान असे तयार झाले.

पुढं विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात गेली. अण्णांचा धंदा बसला म्हणता म्हणता, २००५ च्या पुढंमागं भारनियमन आलं. मोठ्या माणसांना तो काळ आठवला की घाम फुटतो. अण्णांचा मात्र त्या आठवणीनं चेहरा खुलतो. रसवंतीला जनरेटर, पिठाच्या गिरणीला जनरेटर, लग्नाला जनरेटर, झेरॉक्सवाल्याला जनरेटर, आणि सगळे रोज बंद पडणारे! "लोड शेडिंग व्हतं तवा मानसं घरी येऊन बसायची," अण्णा सांगतात. "आता कुनी येतंय का?"

येतात. परवाच्या थंडीत एक घरच आलं. चाकांवरचं.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, तेव्हापासून या गाड्या मधूनमधून दिसतात. मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली खोली, आत पलंग, शेगडी, फ्रिज, एसी, संडाससुद्धा. पुण्याचं एक कुटुंब अशी गाडी घेऊन उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावला, रोहित पक्षी बघायला निघालं होतं. भिगवणच्या भागात थंडीत फ्लेमिंगो उतरतात, होडीतून ते बघायला लांबलांबची माणसं येतात. यांनी गाडीच्या दोन्ही अंगांना गुलाबी फ्लेमिंगोंची भलीमोठी चित्रं चिकटवून घेतली होती. पण गाडीच्या पोटातला डिझेल जनरेटर सारखा बंद पडायचा, एसी थांबायचा, फ्रिजमधलं दूध नासायचं, आणि मग बोलाचाली व्हायची. बारामतीत कुणीतरी त्यांना अण्णांचा पत्ता दिला.

साहेबांनी खाली उतरून जनरेटर चालू केला. सुरेख चालला. अण्णांनी तोंड वाईट केलं आणि क्रेट पुढं ओढली.

"तेल किती हाय?"

"फुल आहे. पावती दाखवू?"

"कवापास्नं बंद पडतोय?"

"महिना झाला. दोनदा फिल्टर बदलले. बॅटरी नवी टाकली. एका ठिकाणी कंट्रोल कार्ड बदललं, दुसऱ्या ठिकाणी ते काढून परत जुनं बसवलं."

"कार्डाचं पैसं?"

"दोघांनी घेतले."

"म्हैन्याआधी काय केलं हुतं?"

"काहीच नाही."

अण्णांचे डोळे चमकले. त्यांनी पत्र्यावर खडूनं घड्याळाची वेळ लिहिली.

एवढ्यात नेहमीची मंडळी जमली. दूध घालून परत निघालेला एक जण किटली खाली ठेवून म्हणाला, "एअर धरलीया." दुसरा म्हणाला, "डिझेलात पानी." ड्रायव्हरकी करणारा एक जण गाडीखाली वाकून "हिकडं सायलेन्सर चोक हाय" असं निदान करून, पँट झटकून, निघूनही गेला. आयटीआयचा एक विद्यार्थी होता. त्याच्या मोबाइलवर जनरेटरचा नकाशा उघडलेला होता. तो म्हणाला, "अण्णा, हाय टेम्परेचरचा सेन्सर ट्रिप होतोय. दोन वायरी काढून शॉर्ट मारतो, परत बंद पडणार नाही."

"राखनीचं कुत्रं भुकतंय म्हनून कुत्र्याला गोळी घालतूस व्हय रं?" अण्णा म्हणाले. पोरगा गप्प बसला. निदान त्याचं बरोबर होतं, इलाज जाळपोळीचा होता. तापलेलं इंजिन स्वतःला वाचवायला थांबतं. थांबू दिलं नाही तर पिस्टन धरतो, आणि मग दुरुस्तीला मिस्त्री लागत नाही, भंगारवाला लागतो.

बावीस मिनिटांनी जनरेटर बंद पडला. बाईंनी कपाळावर हात मारला. अण्णा मात्र उठून उभे राहिले, हसले, आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पडला बरं का!" मुलगा पास झाल्यावर बाप असं बोलतो, पण साहेबांना ते तेव्हा आवडलं नाही.

लगेच परत चालू करायला लावला. नऊ मिनिटांत बंद. परत चालू. पाच मिनिटांत बंद. प्रत्येक वेळी पत्र्यावर आकडा पडत होता. मग अण्णांनी सगळ्यांना जेवून घ्यायला सांगितलं. तासाभरानं चालू केला तर पुन्हा वीस मिनिटं चालला.

"बगा मास्तर," अण्णा मला म्हणाले, कारण साहेब ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "तेलाचं दुखनं आसतं तर जायच्या आधी खोकला आसता. आवाज वर-खाली झाला आसता. ह्यो बोलता बोलता गप झाला. म्हंजी कुनीतरी तोंड दाबलं त्येचं. आन थंड आसताना बावीस, गरम आसताना पाच. ऊन हाय हे."

"म्हणजे सेन्सरच," आयटीआय पुटपुटला.

"सेन्सर सांगतोय. गरम का व्हतोय ते सेन्सरला कुटं ठावं?"

मग अण्णांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. शेडमधल्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि जनरेटरच्या कप्प्याच्या दाराशी धरलं. आत पंखा जोरात फिरत असेल तर जाळीनं कागद आत ओढायला हवा. कागद लोंबत राहिला. अण्णांनी तो खालच्या कोपऱ्यात नेला. तिथं दोन फटींपाशी तेवढा जरा चिकटला.

त्यांनी जाळीवर बोट फिरवलं. बोट गुळगुळीत फिरलं. जाळी होतीच कुठं? तिथं फ्लेमिंगोचं पोट होतं.

चित्रवाल्यानं गाडीच्या पूर्ण अंगावर स्टिकर ओढून चिकटवला होता. जाळीच्या पट्ट्यांमधून ब्लेड मारायची ती दोन ठिकाणी मारली, बाकी राहून गेली. जनरेटर महिनाभर नाक दाबून एसी चालवत होता.

"ह्ये चित्र कवा लावलं?"

"हे? महिना झाला असेल." साहेब थांबले. "पण त्याचा जनरेटरशी काय संबंध? ते तर नुसतं चित्र आहे."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. चौथं कारण कबूल झालं होतं.

त्यांनी पानाच्या दुकानातून ब्लेड मागवलं. तेव्हा आतापर्यंत गाडीत बसून असलेली लहान मुलगी खाली उतरली आणि फ्लेमिंगोला कापू नका म्हणून रडायला लागली. अण्णा खाली बसून तिला म्हणाले, "बाय, ह्येला श्वास घिऊ दिऊ की. पाय ठेवतो, मान ठेवतो." आणि त्यांनी ठेवली. पोट गेलं. आता ती गाडी कुठं दिसली तर ओळखायला सोपी आहे. मधोमध लोखंडी जाळीचा एक फ्लेमिंगो आहे.

जनरेटर तासभर चालला, दीड तास चालला. एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, सगळं एकदम लावून बघितलं. बाईंनी सगळ्यांना कॉफी केली. अण्णा मात्र क्रेटवरून उठेनात. त्यांची एक आशा असते, की कदाचित आणखी काहीतरी असेल.

ते उठले ते निराळ्याच कारणानं. धुराड्याच्या वरच्या अंगाला पलंगाजवळची खिडकी उघडी होती. "रातीला ही उघडी ठिवता?" "हो, जरा हवा येते." त्यावर अण्णा इतके ओरडले की रस्त्यावरचा ट्रॅक्टर थांबला. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. धूर निघतो त्या बाजूची खिडकी बंद पाहिजे, गाडी भिंतीला किंवा उसाच्या फडाला खेटून उभी करून रात्रभर जनरेटर चालवायचा नाही, आणि आत त्या वायूची घंटा वाजवणारी डबी हवीच. डबी होती. तिची बॅटरी काढून मुलीच्या खेळण्यात घातली होती. एरवी कुणाच्या मूर्खपणावर अण्णा खूश होतात, त्या दिवशी झाले नाहीत.

"किती झाले?" साहेबांनी पाकीट काढलं.

"कशाचं? मी काय केलं?"

"असं कसं, दिवस गेला तुमचा."

"ब्लेडचं द्या पानवाल्याला."

शेवटी साहेबांनी बळंच पाचशे रुपये क्रेटवर ठेवले. कंट्रोल कार्डाचे दोघांना मिळून त्यांनी किती दिले होते ते मी विचारलं नाही. इथं अण्णांची गोची आहे. नट न फिरवता पैसे घेणं त्यांना जमत नाही, आणि नट न फिरवताच बहुतेक कामं होतात. पानाबहाद्दर दिवसाला चार मशीनं खोलून दुमजली घर बांधून बसले. अण्णांच्या शेडचा पत्रा पावसाळ्यात त्या खडूच्या आकड्यांसकट गळतो.

गाडीतला संसार म्हणाल तर आमच्या रस्त्याला तो नवा नाही. दर आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडं निघते ती मोतीबाग, पिंपळी, लिमटेक, काटेवाडी अशीच जाते. काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, त्याची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण दिंडीचा ट्रक कुणी नीट बघत नाही. राहुट्या, शिधा, भांडी, शेगड्या, पाण्याचे पिंप, आजारी म्हातारी, आणि एका कोपऱ्यात पेट्रोलचा छोटा जनरेटर. रात्री राहुटीत दिवा आणि कीर्तनाला माईक त्यावर. आता मोबाइलही त्यावरच. संध्याकाळी चार्जिंगच्या बोर्डापुढं लागणारी रांग महाप्रसादाच्या रांगेला हार जात नाही.

अशा एका दिंडीचा जनरेटर बारामतीच्या मुक्कामी रात्रभर दहा-दहा मिनिटांनी बंद पडला. सकाळी ट्रक अण्णांच्या दारात. माणसं घाईत, ट्रक पुढं जाऊन जेवण शिजवायचं होतं. त्यांनी जनरेटर उतरवून शेडपुढं ठेवला. अर्थात तो चालला. परत ट्रकात चढवला, बंद पडला. उतरवला, चालला. ही चढ-उतार बघायला रस्त्याच्या कडेला बरेच वारकरी थांबले, आणि प्रत्येकाला दोरी ओढून बघायची होती.

एक जण म्हणाला, "इथेनॉलमुळं. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल घालतात, त्याला पाणी सुटतं." त्यात तथ्य आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलनं कार्बोरेटरचं जेट बुजतं. पण बोलणारा कुठल्या गावात बोलतोय ते विसरला. आमच्याकडं बांधापासून बांधापर्यंत ऊस आहे. गर्दीतून लगेच आवाज आला, "इथेनॉलला नावं ठिवायची न्हाईत. आपल्याच उसाचं हाय!" विषय तिथं संपला.

अण्णा जनरेटर बघतच नव्हते. ते ट्रक बघत होते. ट्रक साइडपट्टीवर उभा, उजवी चाकं डांबरावर, डावी खाली. आत जनरेटरच्या एका पायाचं रबर गेलेलं, त्याखाली गव्हाच्या पिठाचं पोतं. या जनरेटरांच्या पोटात ऑइलचा एक पहारेकरी असतो. ऑइल कमी झालं की ठिणगी तोडून इंजिन थांबवतो. ऑइल थोडं उणं, त्यात मशीन तिरकं. ऑइल एका अंगाला जातं, पहारेकऱ्याला वाटतं संपलं. अण्णांनी डिपस्टिक पुसून बघितली, पावभर ऑइल घातलं, पोत्याच्या जागी विटेचा तुकडा सरकवला आणि निकाल दिला.

"जनरेटर चांगला हाय. ट्रक वाकडा हाय."

विणेकरी बुवांनी अण्णांच्या पायांना हात लावायला वाकून बघितलं. अण्णा मागं सरकले आणि उलट त्यांच्याच पाया पडले. त्या दिवशी पैशाचा प्रश्न आला नाही. एक नारळ मिळाला.

हे सगळं बाहेरच्यांना गोड वाटतं. वहिनींना विचारा. घरातला मिक्सर शेंगदाण्याचं कूट करता करता थांबतो. मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं. मोटार तापली की ते बाहेर येतं, थोड्या वेळानं दाबलं की परत चालू. दुसऱ्या कुठल्याही घरात नवरा बटण दाबून देतो. "आमचे हे घड्याळ घेऊन बसतात," वहिनी म्हणतात. "म्हणतात, परत पडू दे. अर्ध्या कुटावर आमटी थांबलीये, आणि हे भिंतीवर आकडे लिहितात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर! दिवाळीला रंग दिला, त्याच्यावर परत नऊ, सात, सात लिहून ठेवलंय." मिक्सरमध्ये काही दोष नव्हता, असं अण्णांनी शेवटी जाहीर केलं, वहिनी भांड्यात शेंगदाणे फार घालतात. त्यानंतर दोन दिवस अण्णा शेडमध्येच जेवले.

वहिनींचा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. सुट्टीला त्यानं बायको-पोरांसाठी भाड्यानं मोटारहोम घेतलं. बससारखी गाडी, पेट्रोलवर चालणारी, आणि तिच्या पोटात पेट्रोलचाच जनरेटर. डोंगरातल्या एका तळावर तो जनरेटर सारखा बंद पडायला लागला. तिकडं रात्र, इकडं सकाळ. त्यानं आत्याला व्हिडिओ कॉल केला तो खुशालीचा. पण अण्णांनी फोन घेतला आणि मागच्या भुरभुर आवाजानं त्यांचे कान टवकारले. वहिनी बोलायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

त्या देशातल्या मोटारहोमांत बहुतेक ओनानचे जनरेटर असतात, आणि ओनान म्हणजे कमिन्स. कमिन्सचे मोठे कारखाने आमच्या शेजारी फलटणला. हे कळताच अण्णांनी अमेरिका आणि आपण यांतला फरक मिटवून टाकला. "फलटनचाच म्हना की!"

भाचा वाचून सांगत होता. दिवा तीनदा लुकलुकतो; मग बंद करायचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की दिवा आकडा सांगतो. आधी तीन वेळा, थांबून सहा वेळा.

"छत्तीस?" अण्णा म्हणाले. "मालकाशी छत्तीसचा आकडा! काय म्हनतंय?"

"पुस्तकात लिहिलंय, कंट्रोलरनं इंजिन बंद केलेलं नाही, ते आपोआप थांबलं."

"म्हंजी मशीन हात वर करतंय." अण्णा भलतेच खूश झाले. इतका मोकळा जबाब देणारं मशीन त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं. "थांबताना कसं थांबलं? एकदम, का खोकून?"

"खोकून. वर-खाली होत होत."

"तेलाचं हाय. तेल किती हाय?"

"अण्णा, गाडी चालतेय ना! टाकी एकच आहे. गाडीला पेट्रोल मिळतंय म्हणजे जनरेटरलाही मिळणारच."

"काटा कुटं हाय?"

"पावच्या जरा खाली."

अण्णांनी फोन वहिनींच्या हातात दिला, शेडच्या मागच्या बाजूला गेले आणि जुन्या चेतक स्कूटरचा पेट्रोलचा कॉक घेऊन आले. तो त्यांनी कॅमेऱ्यापुढं धरला. त्यात दोन नळ्या असतात, एक उंच, एक बुटकी. उंच नळीचं तोंड उघडं पडलं की स्कूटर थांबते. मग कॉक फिरवून रिझर्व्हला लावायचा, म्हणजे बुटक्या नळीनं तळाचं पेट्रोल येतं. "तुज्या टाकीत दोन नळ्या असनार. गाडीची तळाला, जनरेटरची वर. राती एसी लावून झोपलास आन जनरेटरनं समदं पेट्रोल पिलं, तर सकाळी पंपावर ढकलत जाशील का? म्हनून तिकडच्या शान्या मानसानं नळी आखूड ठेवलीया."

भाच्यानं गाडीचं माहितीपुस्तक चाळलं. तसंच होतं. टाकी साधारण पावच्या खाली गेली की जनरेटरला पेट्रोल मिळत नाही, मुद्दामच. उंचीवर हवा विरळ असते म्हणून जनरेटरवर उंचीप्रमाणे फिरवायचा एक खटका असतो, तोही समुद्रसपाटीच्या खुणेवर होता. तो अण्णांना माहीत नव्हता, आणि त्यांनी तो लगेच पाठ करून टाकला. आता शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी गाव किती फूट उंच आहे ते विचारतात.

पेट्रोल भरलं, खटका फिरवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, रात्रभर चालला. वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. अण्णा दाढी करत होते. "ठीक हाय," ते म्हणाले. "परत पडला तर कळवाय सांगा."

तुमचा जनरेटर सारखा बंद पडत असेल तर पिंपळीला जरूर आणा. निघण्यापूर्वी कुणाकडून खोलून घेऊ नका, घरी दोरी ओढून ओढून त्याला वठणीवर आणू नका, बंद पडतो तसाच आणा. टाकी भरून आणा, तेल अण्णा घालत नाहीत. डबाही बरोबर ठेवा, कारण जेवायची वेळ होते आणि वहिनींच्या मिक्सरचा काही भरवसा नाही.